कुशीला पाडलेली खिडकी

मी बोलतोय, टेबलाखालचा काळा डबा. कॉम्प्युटरचं कॅबिनेट म्हणतात मला. आजवर तोंड उघडलं नाही, कारण आवाज न करण्यासाठीच मला घडवलं होतं. पण आता गप्प बसवत नाही.

माझी दोन्ही दारं जाड पत्र्याची, आतून आवाज शोषणारा मऊ लोकरी नमदा चिकटवलेली. पायांना रबर. आत पंखे गरगरले तरी बाहेर हूं की चूं नाही. दुकानात शेजारी काचेचे, रंगीत दिव्यांचे भाऊबंद मिरवत होते. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा अगदीच मुका आहे बघा."

"मुकाच हवाय," ताई म्हणाली, आणि मला घरी घेऊन आली.

ताई अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. खोली लहान, माइक माझ्यापासून हातभर. ती वाचू लागली की मी श्वास रोखून बसायचो. तिच्या एकाही धड्यात माझा आवाज नाही. माझी कमाई ती एवढीच.

मग तिच्या वाढदिवसाला धाकट्या भावाला प्रेमाचा उमाळा आला.

"नुसती ट्रंक आहे ही. खिडकी पाडतो, आत दिवे लावतो."

"तिला विचारलंस का?" आईनं विचारलं.

"विचारलं तर सरप्राइज कसलं, आई?"

ताई बाहेर पडताच त्यानं मला आडवा पाडला, दोन्ही दारं काढून शेजारी शेजारी ठेवली. दिसायला सारखीच. पठ्ठ्यानं नेमकं चुकीचं उचललं. नमदा टराटरा सोलला, पत्र्यात करवत घातली, भोकावर प्लास्टिकची काच डकवली. दार परत बसवलं तेव्हा कळलं, ही तर मागची बाजू. खिडकीतून दिसतो फक्त वायरींचा गुंता. त्यावर हा शहाणा म्हणतो, "असू दे, वेगळं दिसतंय." आणि ती कूस ताईच्या खुर्चीकडे वळवून मोकळा झाला. माझा कापलेला तुकडा गॅलरीत कुंडीखाली गेला.

ताई आली. क्षणभर तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "छान केलंस रे."

छान? काच थरथरते, पंख्यांची घरघर थेट माइकमध्ये जाते. रेकॉर्डिंग तपासणाऱ्या बाईंचा फोन आला, "अगं, मागे गिरणी चालू आहे का? मुलांना तुझे शब्दच कळत नाहीत. परीक्षा तोंडावर आलीय, हे धडे पुन्हा वाच."

आता ताई रेकॉर्डिंगला बसली की माझ्यावर रजई टाकते. खिडकी पाडायची आणि तिच्यावर रजई घालायची, वा रे न्याय. आत मी उकडून निघतो, पंखे आणखी बोंबलतात, धडा पुन्हा वाया जातो. भावाची चाहूल लागली की ती घाईघाईनं रजई काढते, दिवे लावते. तो विचारतो, "आवडली ना, ताई?" ही मान डोलावते.

तुझाही राग येतो मला, ताई. त्याचं मन मोडू नये म्हणून तू त्या मुलांचे धडे बुडवतेस. एकदा त्याला समोर बसव, कानाला हेडफोन लाव आणि माझी घरघर ऐकव. मग कुंडीखालचा तुकडा तोच घेऊन येईल.

गप्प राहणं हे माझं काम होतं, ताई. तुझं नव्हे.