दादाने लावलेलं झाकण

आमचे जिवाणू चक्क उघडे पडले होते. माझंच खाऊन, माझ्याच नाकावर टिच्चून.

माझ्या थोरल्या भावाने, दादाने, ते एका गरम झऱ्याच्या गाळातून आणले होते. तेव्हा प्रत्येकाच्या अंगावर प्रथिनांचं आवरण होतं. एकसारखे तुकडे, फरशीसारखे शेजारी शेजारी बसलेले आणि मध्ये बारीक भोकं. अन्न आत येणार, शत्रू बाहेर राहणार. दादा वारल्यावर प्रयोगशाळेत त्यांचं खाणंपिणं मीच सांभाळलं. आज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर फरशी गायब!

"लाड केलेस ना?" प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. "आयतं गिळायला मिळतंय, शत्रू कोणी नाही. आवरण विणत बसणारे मागे पडले आणि आळशी तेवढे फोफावले."

"मग आता?"

"तुझ्या दादाने गोठवून ठेवलेली मूळ कुपी आहे, ती उघड. त्यातलेही मेले असतील तर संपलंच सगळं."

मला नेमकी तीच कुपी उघडायची नव्हती. त्या कुपीचं झाकण दादाने लावलं होतं आणि नंतर त्याला कुणाचाच हात लागला नव्हता. घरातलं त्याचं कपाट आवरून झालं, कपडे देऊन झाले. त्याने ठेवलं तसं एवढं एकच उरलं होतं. मला तो हवा होता, आणि तो नाही तर निदान हे झाकण तरी.

तरी कुपी काढली. जिवाणू गमावले असते तर त्याला काय तोंड दाखवलं असतं?

झाकण हलेना. दादाची ही जुनीच खोड. घरातली बरणीन् बरणी असा आवळायचा, की आई ओरडायची, मी ओरडायचे आणि हा हसत येऊन एका झटक्यात उघडून द्यायचा. झाकण निघण्याआधी आतला बर्फ वितळला, तर जिवाणू मरण्याची भीती होती. मी दातओठ खाऊन जोर लावला.

"दादा, उघड ना रे हे!"

बोलून गेले. मॅडमचा हात होता तिथेच थांबला. हातमोज्यांमुळे मला डोळेही पुसता येईनात. रडत रडतच पुन्हा पिळलं, तेव्हा कुठे उघडलं.

आतले जिवंत निघाले. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली फरशी दिसली, एकही तुकडा इकडचा तिकडे नाही. मी खुर्चीतून अर्धी उठून दाराकडे वळले.

"दादा, बघायला ये," एवढंच म्हणायचं राहिलं.