पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन

दिवस मावळला की पद्मराजची आई, तारामती, पाण्याचा थेंबही तोंडात घेत नसे. निपाणीजवळच्या त्या मळ्यात सून म्हणून आली, त्याच्याही आधीपासूनचा, माहेरचा हा नेम. त्यात मुलगा घरी आल्याशिवाय जेवायचं नाही, हा दुसरा हट्ट. पद्मराज कामावरून परते तोवर सूर्य उसाच्या फडामागं बुडालेला असायचा, आणि म्हातारी हात जोडून उपाशीच आडवी व्हायची. ती पार वाळली. पोटात अन्न गेलं नाही तर ही फार दिवस काढणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजेड तेवढा कळायचा. मग पद्मराजनं पश्चिमेच्या खिडकीबाहेर, गोठ्याच्या खांबाला, अंधारायच्या आधी आपोआप लागणारा मोठा पिवळा दिवा बांधला.

"आई, अजून ऊन हाय. जेव."

ती जेवली. आईचा जन्माचा नेम आपण चोरून मोडतोय ही टोचणी त्याला लागून राहिली, पण तिच्या गालांवर मांस चढू लागलं तशी त्यानं मनाची समजूत घातली.

जेवण झालं की तो दिवा मालवायचा. "मावळला म्हणायचा," असं पुटपुटत ती जप करायची आणि निजायची. एका संध्याकाळी मात्र दिवा मालवल्यावरही ती बसूनच राहिली. सकाळी बघितलं तर अंथरुणाची घडीही मोडलेली नव्हती.

"निजली न्हाईस व्हय गं?"

"दिवसाढवळ्या कशी निजू? लई मोठा दिवस झालाय रं. मावळला की सांग मला."

त्यानंतर ती निजलीच नाही. जेवण अंगी लागत होतं ते सगळं उतरलं, डोळे खोल गेले. शेवटी एका संध्याकाळी पद्मराजनं तो दिवा खांबावरून सोडवला, आत आणून तिच्या मांडीवर ठेवला आणि रडत रडत सगळं कबूल केलं.

तिनं दिवा चाचपून बघितला.

"ह्यो तर गार हाय की रं," ती म्हणाली. "मग हे ऊन कशाचं?"

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. मघाशीच लाईट गेली होती, बाहेर काळोख पडला होता, आणि तरी आईच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती त्याला स्वच्छ दिसत होती. तो उठला आणि खिडकीची दारं ओढून त्यानं कडी घातली.

गजांच्या सावल्या तिच्या मांडीवर तशाच पडल्या होत्या.