बुडवायच्या होड्या

दुपारी रेडिओने सांगितलं, सहापर्यंत तलावावर वादळी वारा सुटणार, लाटा पुरुषभर उंच.

बाबा असताना अशा दिवशी आमच्या सहाही लाकडी होड्या मुद्दाम बुडवल्या जायच्या. काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात तळाचं बूच काढायचं, आत दगड ठेवायचे, होडी अलगद खाली बसायची. मग वर वारा हवा तसा नाचो. आता त्यातल्या तीन दादाच्या, तीन माझ्या.

मी धक्क्यावर पोचले, तर दादाने सगळ्या आखूड दोरांनी करकचून बांधलेल्या. जराही हलणार नाहीत, असं वर कौतुकाने सांगितलं. न हलणारी होडी पहिल्याच लाटेत धक्क्यावर फुटते, हे मी त्याला शिकवायचं? दोर सोडून होड्या काठाशी ओढल्या आणि बूच चाचपलं. हाताला लागेना. दुसऱ्या होडीतही लागेना.

"भोकं बुजवलीत मी," दादा म्हणाला. "लांबी भरून वर रंग. गिऱ्हाइकांचे पाय ओले होत होते."

"माझ्याही होड्यांची?"

"एका हातासरशी सगळ्यांची. तुला कशाला त्रास."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खिळ्याने खरवडून पाहिलं, लांबीचा दगड झालेला. होड्या रुंद बुडाच्या, कलंडवायला चार गडी लागतात. मग मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यात त्याचं टक्कल आणि वहिनीची सहनशक्ती, दोन्ही आलं. तोही म्हणाला, सासरी जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुझी फौजदारी काही गेली नाही. म्हटलं, बादल्या आण.

जन्मभर होड्यांतलं पाणी बाहेर उपसलं, त्या दिवशी आत ओतलं. दोघं समोरासमोर, भांडत. खांदे भरून आले, तोंडं काही थकली नाहीत.

चौथी होडी बसली आणि वारा आला. राहिलेल्या दोन्ही दादाच्या. त्याने आधी माझ्या तिन्ही घेतल्या होत्या, आणि रागाच्या भरात माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. लाट छातीवर आली तरी तो पाचवीत बादल्या रिकाम्या करतच होता. मी सदऱ्याला धरून त्याला काठावर ओढलं.

"सोड मला. तुझ्या बसल्या ना?"

"माझ्या आधी घ्यायला कुणी सांगितलं होतं तुला?" मी ओरडले. "हेसुद्धा विचारलं नाहीस."

पाचवी धक्क्यावर आदळून उभी चिरली. दादा पुढे झेपावला. मी सदरा सोडला नाही.