बाईसाहेबांनी पाणी सोडलं

उन्हाळ्यात मामांच्या तबेल्यात माणसांचे हाल कुत्रं खात नसे, पण घोड्यांचा थाट बघून घ्यावा. फेरफटका उजाडायच्या आत, खिडक्यांना ओली गोणपाटं, चाटायला मिठाचा खडा, आणि तबेल्यातला एकुलता एक पंखा बाईसाहेबांच्या डोक्यावर. बाईसाहेब म्हणजे एकोणीस वर्षांची पांढरी घोडी. तबेल्यात सगळे मामांना भीत, आणि मामा हिला.

अशा या बाईसाहेबांनी एका मंगळवारी सकाळी पाणी सोडलं. मामांनी बादली पुढे धरली की हुंगायच्या, कान टवकारून त्यांच्याकडे बघत राहायच्या, जणू कशाची तरी वाट बघताहेत, आणि मग तोंड फिरवायच्या. रात्रीची बादलीही तशीच राहिली. बुधवारी दुपारपर्यंत मामांच्याच तोंडचं पाणी पळालं. त्यांनी बादली बदलली, नळ बदलला, पाण्यात बर्फ टाकला आणि बर्फ टाकल्याबद्दल स्वतःलाच शिव्या घातल्या.

शेवटी बोलावलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी घोडीच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. एरवी झटकन सपाट होणारी कातडी घडी घातल्यासारखी उभीच राहिली.

"मामा, अंगातलं पाणी आटलंय हिच्या. मी नाकातून घालायची नळी घेऊन येते. तोवर प्यायली तर ठीक. या वयात, या उन्हात पोटशूळ उठला, तर मी शब्द देऊ शकत नाही."

"अठरा वर्षं माझ्याच हातनं पितेय ती," मामा म्हणाले. घोडी हातची जाणार, या भीतीनं त्यांनी पुन्हा ताजं पाणी भरून आणलं.

तेवढ्यात मामी जेवणाचा डबा घेऊन आल्या. मामांनी पुन्हा बादली धरली. बाईसाहेबांनी पुन्हा कान टवकारले. मामी जरा वेळ बघत राहिल्या.

"अहो, शीळ कुठंय तुमची?"

"कसली शीळ?"

"बादली धरली की घालता ती! घरी मला पाण्याचा ग्लास देतानाही घालता."

मामांना हे नवीनच होतं. बादली उचलली की ओठांचा चंबू व्हायचा आणि पुढचं सगळं आपोआप. आता त्यांनी मुद्दाम चंबू केला, तर नुसतंच "फुस्स". इथेच घोडं पेंड खात होतं! शीळ यायची ती पुढच्या पडलेल्या दोन दातांच्या फटीतून, आणि ती फट लेकीनं हट्टानं सोमवारी संध्याकाळी कवळी बसवून बुजवली होती. दोन दिवस मामा आल्यागेल्याला हसून दाखवत होते.

"काढा ती," मामी म्हणाल्या.

"आठ दिवस काढायची नाही असं लेकीनं बजावलंय."

"लेकीला मी बघते. आधी काढा!"

मामांनी कवळी काढून डब्याच्या झाकणात ठेवली आणि शीळ घातली. लांब, घोगरी, थोडी बेसूर. बाईसाहेबांनी एक फुरफुर केली आणि नाकापर्यंत तोंड बादलीत खुपसलं. गळ्याखालून घोट उतरताना दिसू लागले. मामांच्या डोळ्यांना धार लागली, शीळ थरथरली, पण ती थांबवायची त्यांची छाती झाली नाही. दुसऱ्या बादलीला दम संपत आला, तरी गडी हटला नाही.

डॉक्टरीणबाई नळी घेऊन धावत आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगंबाई, पितेय की! काय दिलंत?"

"काही नाही," मामी म्हणाल्या. "ह्यांनी दात काढले."

"हसले? आणि एवढ्यानं घोडी प्यायली?"

मामांना खुलासा करायचा होता, पण बोलावं तर शीळ थांबणार. त्यांनी नुसतंच मामींच्या हातातल्या झाकणाकडे बोट दाखवलं आणि मग रिकाम्या होत आलेल्या बादलीकडे. डॉक्टरीणबाईंनी नळी खाली टाकली आणि तिसरी बादली भरायला नळाकडे पळाल्या.