कासवडोहाचा तळ

मी होडी बोलतेय. आता माझी एकच फळी शिल्लक आहे. नंदिगड्डा गावाच्या खाली, नदीकाठच्या आमच्या वाडीत, काशीच्या दाराशी ती बसायला टाकलीय. एका फळीला काय आठवणार, असं कुणाला वाटेल. सगळं आठवतं.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी माझा जन्म झाला. वासूने फणसाच्या फळ्या आणल्या आणि परशू सुताराने मला जोडलं. काळी नदीत मला ढकलायच्या आधी वासूच्या नव्या नवरीने, काशीने, माझ्या नाकाडाला हळदकुंकू लावलं. तेव्हापासून आम्ही शेजारणी.

वासू या काठाची माणसं त्या काठाला न्यायचा. माणसांचीही गंमत असते. काठावर तावातावाने भांडणारे दोघे मधल्या धारेत आले की एकमेकांचा दंड धरून बसायचे, आणि पलीकडे पाय लागला की राहिलेलं भांडण पुरं करायचे.

मी काशीच्या अंगणाखालीच बांधलेली असायचे. आज काय शिजलं, कोण रुसलं, सगळं मला कळायचं. दुसऱ्याच्या घरात कान देऊ नये म्हणतात. पण शेजार म्हटल्यावर कान काय काढून ठेवायचे?

एका श्रावणात मोठा पूर आला. पुरातून वाहत येणारी लाकडं काठावरून दोर टाकून धरायची, ही आमच्याकडची रीत. पावसाळाभर मी मांडवात पालथी असते, म्हणून मी काही पाहिलं नाही. ऐकलं तेवढं सांगते. सकाळी वासूची आईशी बोलाचाली झाली. मग तो कमरेला कोयता लावून, दोर घेऊन कासवडोहाकडे गेला. संध्याकाळी डोहावरच्या खडकावर त्याचं कांबळं सापडलं. नीट घडी घातलेलं.

लोक म्हणाले, डोहाने घेतला. पण कॅसलरॉकहून आलेल्या एकाने सांगितलं, तिथल्या स्टेशनात गाडीत चढताना पाठमोरा वासूच दिसला. झालं. वाडीची दोन तोंडं झाली.

वासूची आई फुला. काशी तिला मांय म्हणायची. फुला म्हणाली, "काकणं उतर. माझा लेक गेला."

"मांय, मढं दाखवा," काशी म्हणाली. "मग उतरते."

म्हातारी आत निघून गेली.

कारवारला एक बोटवाला होता. लाँच भाड्याने द्यायचा. त्याच्याकडे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरणारा पाणबुड्या होता. काशीने त्याच्यासाठी दुभती म्हैस विकली. एवढ्या महिन्यांनी मढं कुठलं मिळणार? पण लोखंड कुठे जात नाही. वासू डोहात असेल तर त्याचा कोयता तळाशी सापडेल, हा तिचा हिशेब.

दिवाळीनंतर पाणी उतरलं तेव्हा दोघं जीपने आले. लाँच काही आमच्या खडकाळ नदीतून वर चढणार नव्हती. म्हणजे भाडं त्याचं आणि होडी मी. वासूचा धाकटा भाऊ लाडू वल्ह्यावर बसला, काशी आणि फुला मधे.

"आमच्या माणसाने समुद्राचा तळ पाहिलाय," बोटवाला म्हणाला. "ही नदी म्हणजे न्हाणीघर."

"न्हाणीघरात माझा लेक गेलाय," फुला म्हणाली.

पाणबुड्या उतरला. आता जे सांगते ते वर बसलेल्यांना दिसत नव्हतं. दोन पुरुष खोल गेल्यावर उजेड संपला आणि गार पाण्याने त्याला कापरं भरलं. तो हातपाय मारत वर आला, थेट माझ्या पोटाखाली. कमरेची सुरी काढून त्याने माझ्यात खुपसली आणि मूठ धरून लोंबकळत राहिला.

"काय वाजलं?" फुलाने विचारलं.

"मासा असेल," बोटवाला म्हणाला.

"मग म्हशीएवढा असंल. आणि बुडबुडे हितंच कसे येत्यात?"

"पाणी फिरवून आणतं, आजी."

काशी वाकून पाण्यात बघत होती. तिच्या आणि त्याच्या मधे फक्त माझी एक फळी होती.

बऱ्याच वेळाने त्याने सुरी ओढली. टोक मोडून माझ्यातच राहिलं. तो वर आला आणि म्हणाला, "तळ पाहिला. वाळू आहे. कोयता नाही, काही नाही."

"आणखी एकडाव उतरा," काशी म्हणाली.

"टाकीतली हवा संपली, बाई."

जीप गेली. फुला म्हणाली, "म्हस गेली आणि लेकबी न्हाई मिळाला." पण काशीने घरी जाऊन कुंकू ठळक लावलं. डोहात नाही, म्हणजे कुठेतरी आहे. ती कपाळ वर करून वावरू लागली आणि मी आतल्या आत कुढत राहिले. खोट्यावर उभी आहे ही पोर, आणि मला तोंड नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी मला पालथी घातली. डांबर लावायचं काम काशीने स्वतःकडे घेतलं आणि कुणाला हात लावू दिला नाही. पोटाच्या त्या जागी तिचा हात जास्तच फिरायचा, थरावर थर बसायचा. मला वाटलं, दुःखाने हात जड झालाय.

मग वरच्या अंगाला पूल झाला. मला कुणी विचारीना. माझ्या पाठीवर मिरच्या वाळू लागल्या, खाली कोंबड्या अंडी घालू लागल्या.

हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. यंदा ती भरली. फुला आता अंथरुणाला खिळलीय. म्हणाली, "मी जायच्या आत त्याला वाटंला लाव, काशी."

काशी उठून माझ्यापाशी आली. मग लाडूला म्हणाली, "लाकडं ईकत आणू नका. त्याचीच होडी फोडा."

लाडूने कुऱ्हाड घातली. दुसऱ्या घावाला लोखंड वाजलं. त्याने डांबर खरवडलं.

"वैनी, ह्ये सुरीचं टोक कुणाचं?"

"त्या पाणबुड्याचं," काशी म्हणाली. "त्यो तळाला गेलाच न्हाई. हितंच लोंबकळत हुता."

"तुला कधीपास्नं ठावं?"

"पयल्या डांबराच्या वक्ताला दिसलं."

"आणि बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर दुसऱ्या दिशी माझं कपाळ पुसलं असतंत. आणि त्यो खरंच गाडीत चढला असंल तर?"

लाडू कुऱ्हाड टेकून उभा राहिला. एवढी वर्षं मी समजत होते, हे फक्त मला माहीत आहे. शेजारणीचं सगळं कळतं म्हणणारी मी.

काशीने टोकावरून अंगठा फिरवला. "बाकीची फोड," ती म्हणाली. "ही एवढी फळी ऱ्हाऊ दे."

पुतळ्याबरोबर मी जळले. काकणं उतरली, कपाळ मोकळं झालं, त्या रात्री म्हातारी समाधानाने झोपली. रोज दिवेलागणीला काशी या फळीवर बसते, वाटेकडे तोंड करून. टोक अजून माझ्यात आहे. ते कुणाला लागू नये म्हणून ती त्याच बाजूला बसते.

माझी एकच विनंती. कॅसलरॉककडे, लोंढ्याकडे, कुठेही गाडीत तुम्हाला कमरेला कोयता लावलेला, कांबळं नसलेला कुणी भेटला, तर त्याचं नाव विचारा. वासू असेल, तर त्याला सांगा, दाराशी एका माणसाची जागा रिकामी ठेवलीय.