सोळा कप्पे आणि नांग क्वाक

बँकॉकजवळ समुत प्राकानला आमचा कारखाना; तिथली लेझर मशीन दिवसातले तीन तास पत्रा कापायची आणि पाच तास पत्र्याची वाट बघायची. मशीन मी चालवते, त्यामुळे ते पाच तास मला तोंडपाठ आहेत. सगळा पत्रा जमिनीवर एकावर एक रचलेला आणि हवा तो हमखास तळाशी. थनोमकाका फोर्कलिफ्टने वरचे दहा गठ्ठे उतरवायचे, अकरावा काढायचे, पुन्हा दहा चढवायचे. त्यात कोपरे मुडपायचे, ओरखडे पडायचे आणि बोलणी काका खायचे.

मशीनला लागून झकास जागा होती. पण तिथे बिनकामाच्या जाड पत्र्यांची थप्पी नऊ वर्षं ठाण मांडून बसलेली, आणि थप्पीवर नांग क्वाक, गिऱ्हाइकांना हाताने बोलावणारी आमची देवी. तिला हलवायचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती.

शेठनी बँकॉकहून तज्ज्ञ आणला. पावरितसाहेब तीन दिवस स्टॉपवॉच घेऊन काकांच्या मागे फिरले. चाळीस पानी अहवाल आला: सोळा कप्प्यांचा उंच रॅक घ्या, आणि फोर्कलिफ्टवाला संथ आहे, त्याला महिनाअखेर घरी बसवा. थप्पीबद्दल चाळीस पानांत अवाक्षर नाही.

रॅक आला आणि जागा नाही म्हणून मागच्या शेडमध्ये गेला. आता पत्रा चटकन सापडायचा, पण आणायला अख्खा कारखाना ओलांडावा लागायचा. मशीन होती तशीच बसून.

"काका, बोला की शेठशी! नोकरी तुमची चाललीय."

"थांब गं मलीवान. घाई कसली?"

दुसऱ्या दिवशी काका हात जोडून शेठसमोर उभे. "शेठ, लहान तोंडी मोठा घास घेतो. शेजारच्या कारखान्यातली देवी माडीवर बसते. आपली इथे गुडघ्याएवढ्या थप्पीवर. गिऱ्हाइकाला आधी कोण दिसणार?"

शेठचा चेहरा उतरला. "मग काय करायचं?"

"रॅक पाच मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावर बसवा. पण रॅक हिच्याच जागी हवा, दाराकडे तोंड करून. मागच्या शेडमधून ती कुणाला बोलावणार?"

मुहूर्त काढून देवी वर चढली, थप्पी भंगारात गेली, आणि मशीन सात-सात तास कापू लागली. पावरितसाहेबांनी रॅकपुढे फोटो काढून घेतला आणि अहवालाला एक ओळ जोडली: आता फोर्कलिफ्टला फारसं काम उरलेलं नाही, चालक नकोच.

शेठनी काकांना बोलावलं. मला इतका संताप आला की हातातली मोजपट्टी मी आपटली.

काकांनी मात्र शांतपणे फोर्कलिफ्टची किल्ली पुढे धरली. "बरं शेठ. ही कुणाला देऊ? उद्या सकाळचा देवीचा हार आणि नैवेद्याचा लाल सोडा वर कोण चढवणार?"

शेठनी वर पाहिलं. पावरितसाहेबांनीही पाहिलं. पाच मीटरवरून देवी हात करत होती. किल्ली घ्यायला कुणी पुढे आलं नाही.

काका अजून कामावर आहेत. रोज सकाळी फोर्कलिफ्टच्या काट्यांवर माणूस उचलायचा पिंजरा लावून ते मला मोगऱ्याच्या हारासकट वर नेतात. तेवढा वेळ मशीन वीस मिनिटं बंद. परवा पावरितसाहेब आले होते; स्टॉपवॉच खिशात घालून तेही खाली हात जोडून उभे राहिले.

वरून मी वाकून विचारलं, "काका, हे तुम्ही आधीच ठरवलं होतं ना?"

"हलू नकोस," काका म्हणाले. "पडशील."