शांत समुद्राविरुद्ध एक फीत

मित्रांनो, मी एक जुनी चुंबकीय फीत आहे. जुनी, हे कबूल. खराब, हे साफ नामंजूर.

एका कारखान्यात प्लॅस्टिकच्या लांबलचक पट्टीवर तपकिरी लेप चढवून मला रिळावर गुंडाळले. तेव्हा एक उपग्रह पृथ्वीभोवती फिरत ढगांचे तापमान मोजायचा. त्याने पाठवलेले आकडे मी अंगावर घेत असे. "फितीवर उतरलं ना? मग झालं!" असे लोक म्हणत, आणि मी रिळावर ताठ बसे.

एके दिवशी दूरच्या समुद्रावरचे अक्राळविक्राळ वादळ माझ्यावर उतरले. पलीकडच्या खोलीतून कोणी विचारले, "कसं आहे रे?" यंत्रचालक ओरडला, "खराब!" तो हवेबद्दल बोलत होता. विचारणाऱ्याला वाटले, फीतच खराब; त्याने माझ्या डब्यावर ठळक 'खराब' लिहिले आणि मला फडताळात ढकलले. माणसांना नाव खराब करून घ्यायला काहीतरी करावे तरी लागते. माझे एका हाकेत झाले.

कित्येक वर्षांनी त्याच इमारतीत जुन्या हवामानाची पुनर्रचना सुरू झाली. जुनी निरीक्षणे संगणकाच्या मॉडेलला भरवायची आणि त्या काळी जगभर हवा कशी होती, हे त्याने सांगायचे. जिथे निरीक्षण नाही, तिथे मॉडेल अंदाजाने जागा भरते. माझ्या वादळाच्या जागी त्याने शांत समुद्र भरला. इतका शांत की त्यात कागदी होडी सोडावी.

त्याच वादळात एका कप्तानाने खलाशांचे जीव वाचवण्यासाठी बुडते जहाज सोडले होते. वादळाची नोंद कुठेच नव्हती, म्हणून चौकशीत तो भित्रा ठरला. आता म्हातारा झालेला कप्तान वादळाचा पुरावा मागायला मुलीला घेऊन आमच्या कार्यालयात आला.

"मॉडेल सांगतंय, समुद्र शांत होता," साहेब म्हणाले.

"मॉडेल होतं का जहाजावर?"

"बाबा, पुरे ना आता," मुलगी कुजबुजली. "गल्लीतली पोरं वादळकाका म्हणून चिडवतात, तेवढं बास नाही का?"

तिथे काम करणाऱ्या ताई म्हणाल्या, "साहेब, त्या दिवसाची एक फीत आहे."

"तिच्यावर खराब लिहिलंय."

"वाचून पाहिली कोणी?"

"खराब लिहिल्यावर कोण वाचेल?"

सरकारी तर्क मी फडताळातून पुष्कळ ऐकले. इतका निर्दोष एकच.

खरी अडचण वेगळी होती. वयोमानाने मी चिकट झाले होते. आधी मंद ऊब द्यायची, मग यंत्रावर चढवायचे. आणि वाचता वाचता लेप सुटणार, म्हणजे वाचन एकदाच.

"तुटली तर?" साहेबांनी विचारले.

"न वाचता ठेवली तर काय, पिल्लं देणार आहे?" ताई म्हणाल्या.

मी फिरू लागले. अंगाची साल निघत होती. ताई यंत्र थांबवून भुकटी पुसत आणि पुन्हा चालू करत. मी ठरवले, जायचे तर सगळे सांगून जायचे. पडद्यावर वादळ गरगरीत उमटले. कप्तानाने वादळाच्या काठावर बोट ठेवले. "इथे होतो आम्ही," एवढेच बोलला.

पण मॉडेल मला घेईना. त्याच्या अंदाजापेक्षा फार वेगळे ते चूक, असा त्याचा नियम.

"बघा, मॉडेललाही पटत नाही," साहेब म्हणाले.

"याच फितीवर उपग्रहाच्या पुढच्या फेरीतही हेच वादळ आहे, थोडं पुढे सरकलेलं. चूक अशी चालत जाते का, साहेब?" ताईंनी नियम सैल केला आणि मॉडेल पुन्हा चालवले. शांत समुद्र खवळला.

मुलीने डोळे पुसले. "हे छापून द्या. चौकशीवाल्यांकडे मीच नेते. बघू कोण भित्रं म्हणतंय माझ्या बाबांना!"

मित्रांनो, आता मी नुसती प्लॅस्टिकची पट्टी आहे. मला जपा, असे म्हणणार नाही. पण फडताळात माझ्या बहिणी अजून चिकटत पडल्या आहेत. त्यांचा लेप गळण्याआधी त्यांना वाचा. आणि त्यांची साक्ष तुमच्या अंदाजात बसली नाही, तर अंदाज बदला. आम्ही बदलणार नाही.